रिंग तिनेच बनवली होती

माझ्या लेथच्या गाळ्यातून जो जॉब बाहेर पडतो त्यावर माझी खूण असते. तीन टिंबं आणि त्यांच्याखाली एक आडवी रेघ. मी नवा नवा धंद्यात होतो तेव्हा एका पार्टीने दुसऱ्याच कुणाचे, यंत्रात बसवायचे वाकडे बुश माझे म्हणून परत आणून टाकले. ते माझे नव्हते, पण तसं दाखवायला माझ्याकडे काही नव्हतं. पार्टीच्या मॅनेजरने सगळ्यांसमोर मला चोर म्हटलं आणि मी ऐकून घेतलं. त्यानंतर मी या खुणेचा पोलादी पंच करून घेतला. तेव्हापासून दोन गोष्टी कधी सोडल्या नाहीत. खुणेशिवाय माल द्यायचा नाही आणि लिहून घेतल्याशिवाय शब्द घ्यायचा नाही. या दोन सवयींवर मी वसई पूर्वेला आधी एक आणि मग शेजारचा दुसरा गाळा घेतला. माझा बाप नायगावच्या खाडीकाठी भातशेती करायचा. त्याच्याकडून मला हडकुळं अंग आणि तापट डोकं मिळालं, बाकी सगळं मीच मिळवलं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं त्यात लोक मला मूर्ख म्हणाले, आणि मी मूर्ख असतो तर खाडीच्या बांधावरच राहिलो असतो.

माझी मुलगी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती. मेकॅनिकल. घरात जेवताना एकदा म्हणाली, "पप्पा, आम्ही उपग्रह बनवतोय."

"भाजी घे आधी," मी म्हणालो.

ती हसली नाही. मोबाईलवर तिने नियमांचं पत्रक दाखवलं. विद्यार्थ्यांसाठी स्पर्धा होती. शीतपेयाच्या डब्यापेक्षा जरा मोठा असा एक डबा बनवायचा. त्यात हवेचा दाब, तापमान मोजणारी यंत्रं बसवायची. ड्रोनने तो वर न्यायचा आणि सोडायचा. खाली येताना डब्याने स्वतःची छत्री उघडायची आणि सगळी माहिती जमिनीवर पाठवत राहायची. मी म्हणालो, "ड्रोन किती वर जाणार? आपल्या बिल्डिंगच्या गच्चीवरून पण दिसेल. याला अवकाश म्हणतात?"

"इथे जिंकलं की अवकाश केंद्रात इंटर्नशिप मिळते. उन्हाळ्यात दोन महिने. प्रत्येक जिंकलेल्या संघातून दोघांना."

आता ती का हसत नव्हती ते मला कळलं. थेट अर्ज करायला मार्क लागायचे, आणि तिचे मार्क बरे होते, पण तसे नव्हते. पहिल्या वर्षी गणितात अडकली होती. लहानपणापासून तिला तेच एक ठिकाण पाहिजे होतं. शाळेत कुणी काय होणार विचारलं की बाकीच्या पोरी डॉक्टर म्हणायच्या, ही म्हणायची, "रॉकेटचे नट-बोल्ट बनवणार." मला आवडायचं ते. आत शिरायला तिला हे एकच दार होतं. तिला ते माहीत होतं आणि मलाही.

डब्याच्या वरच्या टोकाला एक अल्युमिनियमची रिंग लागणार होती. तिच्यावर छत्री बसणार आणि ठरलेल्या उंचीवर तिच्यातून सुटणार. रिंग गोल नसेल तर छत्री अडकणार आणि डबा धोंड्यासारखा खाली येणार. कॉलेजचा लेथ बरीच वर्षं बंद होता. त्यावर झाकलेल्या ताडपत्रीत मांजरीने पिल्लं घातली होती, असं मुलगी सांगायची. म्हणून त्यांना शिकवणारे सर एका संध्याकाळी माझ्या गाळ्यावर आले. सर एव्हरशाईन वसाहतीत राहायचे. घरी जाताना गाळा वाटेवरच. मुलगी तेव्हा आली नव्हती.

"शेठ, एक छोटंसं काम आहे," सर म्हणाले. "मुलांचं आहे. देशाचं काम समजा."

देशाचं काम म्हटलं की मी सावध होतो. देशाच्या नावाने आलेल्या माणसाला फुकटच्या कामाशिवाय दुसरं काही नको असतं. मी चहा मागवला. सरांना सांगितलं, "लेथ माझा, माल माझा, तुम्हाला काही लागणार नाही. पण रिंग माझी मुलगी स्वतः बनवेल. मी हात लावणार नाही. आणि त्या इंटर्नशिपला जी दोन नावं जातील त्यांत पहिलं नाव तिचं."

सरांनी कपातला चहा फिरवला. "अहो, तिचं नाव तसंही येईलच. मेहनती मुलगी आहे."

"मग लिहून द्या."

"शेठ, हे काय कॉन्ट्रॅक्ट आहे का?"

"माझ्याकडे सगळंच कॉन्ट्रॅक्ट असतं, सर. तसंही येणार असेल तर लिहायला काय जातं?"

दुसरा लेथवाला त्यांना फुकटात मिळणार नव्हता. कामणच्या रस्त्यावर त्यांनी दोन ठिकाणी विचारून पाहिलं होतं, हे मला आधीच कळलं होतं. सरांनी रिंगच्या ड्रॉइंगच्या मागच्या बाजूला दोन ओळी लिहिल्या आणि सही केली. मी ती घडी पाकिटात ठेवली. मुलीला सांगितलं नाही. आपल्या हिमतीवर झालं असं तिला वाटावं, यात काय वाईट होतं, हे मला अजून कुणी नीट सांगितलेलं नाही.

पुढचे तीन आठवडे ती रोज कॉलेजातून थेट गाळ्यावर यायची. केस बांधून, माझा जुना शर्ट चढवून लेथवर उभी राहायची. संपूर्ण डब्याला वजनाची मर्यादा होती. प्रत्येक भागाला त्यातून ठराविक ग्रॅम वाटून दिलेले. रिंगला चोवीस. बॅटरीवाला मुलगा फोन करायचा, "मला तीन ग्रॅम दे ना." ही म्हणायची, "माझ्याकडेच कमी आहेत. अँटेनावाल्याकडून घे." मी ऐकत बसायचो. मला वाटायचं, हिला कुणी शिकवायची गरज नाही, ही माझीच आहे. ग्रॅमची घासाघीस मी सोनाराच्या दुकानात सोडून कुठे बघितली नव्हती.

पहिली रिंग एकतीस ग्रॅम झाली. दुसरी पातळ केली तर लेथच्या पकडीतून, चकमधून, काढल्यावर तिकोनी झाली. चकचे जबडे आवळलेले असताना गोल दिसते, सोडली की वाकते, ही गोष्ट आमच्या धंद्यात पहिल्या वर्षात कळते. मी बोललो नाही. हात लावणार नाही असा शब्द होता, आणि मी शब्द मोडत नाही. तिसरी गेली, चौथी गेली. चौथीच्या वेळी तिने टूल आपटलं. मी म्हणालो, "आपटू नको, बाय. कार्बाईड आहे, तुझ्या डोक्यासारखं. पटकन फुटतं."

"माझं डोकं कुणावर गेलंय ते सगळ्यांना माहीत आहे," ती म्हणाली.

पाचव्या वेळी तिने जाड तुकड्यातच आतलं भोक, म्हणजे बोअर, आधी करून घेतलं. मग नायलॉनचा एक गोळा बरोब्बर त्या मापाचा बनवला, रिंग त्यावर चढवली आणि बाहेरून केसाकेसाने माल काढत गेली. एक मिलिमीटर जाडी. मायक्रोमीटर चारी बाजूंनी लावून बघितला. मग आमच्या बिल्डिंगखालच्या सोनाराकडून आणलेल्या काट्यावर रिंग ठेवली. तेवीस ग्रॅम आणि थोडे. ती काट्याकडे बघत राहिली आणि मी तिच्याकडे. असं मी तिचं तोंड पूर्वी कधी बघितलं नव्हतं.

ती हात धुवायला गेली. मी रिंग उचलली, पितळी गोळ्यावर बसवली आणि जरा जाड ठेवलेल्या कडेवर पंच ठेवून हलका ठोका दिला. तीन टिंबं, एक रेघ. परत आल्यावर तिने पाहिलं.

"पप्पा, हे कशाला?"

"खुणेशिवाय माल जात नाही."

"हा माल नाहीये."

"गाळ्यातून चाललाय ना? मग माल." तिने परत माप घेतलं. रिंग जशीच्या तशी होती. मला ठोका देता येतो. ती कापसात गुंडाळून रिंग घेऊन गेली.

स्पर्धा विरारच्या पलीकडे एका कॉलेजच्या मैदानावर होती. मी त्या दिवशीची सगळी कामं सोडून गेलो. सोबत बायको. तिने पोरांसाठी डब्यात तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकट नेली होती. मैदानाच्या कडेला दोरी बांधलेली आणि दोरीमागे आईबाप. आत टेबलांवर प्रत्येक संघाचा डबा. मी लांबूनच इतरांचे डबे बघून घेतले. माझी नजर त्याच कामाची आहे. निम्म्याहून जास्त डब्यांची बॉडी आणि छत्रीची सुटणारी यंत्रणा बाहेरदेशातून खोक्यात आलेली, तयार. पोरांनी स्क्रू आवळलेले. एका डब्यावर कंपनीचं चकचकीत स्टिकरही तसंच होतं. ते चाललं. नियमात होतं, विकत आणलेले भाग पावती दाखवली की मान्य. बाहेरून करून घेतलेले भाग मात्र नाहीत. म्हणजे खरेदी केली तर विद्यार्थी, आणि बापाच्या लेथवर उभं राहून हात काळे केले तर संशयित. हा नियम ज्याने लिहिला त्याने आयुष्यात फाईलसुद्धा हातात धरली नसेल. पेपराची नव्हे, लोखंड घासायची.

परीक्षक एक बाई होत्या. निवृत्त झालेल्या, पांढरे केस आखूड कापलेले, पायात कापडी बूट. आमच्या पोरांच्या टेबलाशी आल्या, डबा उचलला, भिंग काढलं आणि रिंगच्या कडेवर थांबल्या.

"हे काय आहे?"

मी दोरीपासून दहा पावलांवर होतो, सगळं ऐकू येत होतं. मुलगी म्हणाली, "मॅडम, ती वर्कशॉपची खूण आहे. माझ्या वडिलांचा गाळा आहे. रिंग मी तिथे बनवली."

"तू बनवली, की तिथे बनली?"

"मी बनवली."

बाई सरांकडे वळल्या. "तुम्हाला माहीत होतं?"

आणि सर, ज्यांनी माझ्या गाळ्यात बसून माझा चहा प्यायला होता, ते सर म्हणाले, "मॅडम, कुठल्या तरी बाहेरच्या वर्कशॉपमधून मुलांनी सोय केली असावी. मला तपशील सांगितला नव्हता."

मी दोरीला हात घातला. बायकोने माझा दंड धरला. पण मुलीने सरांकडे बघितलंही नाही. ती बाईंना सांगू लागली. कशा चार रिंगा वाया गेल्या, दुसरी तिकोनी का झाली, नायलॉनचा गोळा कशासाठी, शेवटचा कट किती घेतला, लेथचा वेग किती ठेवला. आवाज एकदाही चढला नाही. बाई ऐकत होत्या. मध्येच त्यांनी विचारलं, "नायलॉन गरम होऊन फुगला नाही?"

"फुगला, मॅडम. म्हणून मध्ये थांबत होते."

बाईंनी भिंग खिशात ठेवलं. "या कॉलेजात चालू लेथ आहे. दुपारी जेवणानंतर मला एक बनवून दाखव. तशी बनली तर मला काही म्हणायचं नाही."

"हो, मॅडम," मुलगी म्हणाली. तेव्हा ती हसली. सकाळपासून पहिल्यांदा.

मी तिथेच थांबायला हवं होतं. हे मी आज लिहितोय. त्या वेळी मला फक्त सर दिसत होते. खोटं बोलून, हात मागे बांधून, काही झालंच नाही असे उभे. आणि माझी पोरगी परत परीक्षा देणार, कशाची तर स्वतःच्या खरेपणाची. मला पुन्हा तो चोर म्हणणारा मॅनेजर दिसला. त्या वेळी माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं, या वेळी होतं. मी दोरीखालून आत गेलो.

"मॅडम, हिला कशाला परत बनवायला लावता? विचारा या माणसाला, याला माहीत होतं की नाही. हे बघा. याचं अक्षर. याची सही."

सर म्हणाले, "शेठ, शेठ, आपण बाहेर बोलू."

"बाहेर? मघाशी तुम्हाला तपशील माहीत नव्हता ना? आता माहीत करून घ्या!"

मी पाकिटातला तो कागद टेबलावर आपटला. बाईंनी तो उलगडला. ड्रॉइंग बघितलं, मग मागची बाजू वाचली. पहिल्या ओळीत होतं की रिंग ही मुलगी स्वतः बनवेल. ते मला हवं होतं. पण त्याच्याखाली दुसरी ओळ होती. रागाच्या भरात मी ती विसरलो नव्हतो. मला ती वाईट वाटलीच नव्हती. लेथ आणि माल विनामूल्य, आणि त्या बदल्यात इंटर्नशिपसाठी पहिलं नाव तिचं.

बाईंनी ती ओळ मोठ्याने वाचली नाही. कागद मुलीच्या हातात दिला. "हे तुला माहीत होतं?"

मुलीने वाचलं. बॅटरीवाल्या मुलाने तिच्या खांद्यावरून वाकून वाचलं. तो म्हणाला, "काका, तुम्ही नाव लिहून घेतलं होतं?" आवाजात राग नव्हता. त्याला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

"मला माहीत नव्हतं, मॅडम," मुलगी म्हणाली. एवढंच. लेथ, नायलॉन, काही नाही. जे इतकं सुरेख बोलत होती ते सगळं बंद झालं.

बाई म्हणाल्या, "तुझ्यावर माझा विश्वास आहे. पण जागा आधीच ठरवून दिलेली आहे आणि तसा कागद माझ्या हातात आहे. हा संघ मला पुढे नेता येणार नाही." मी भांडलो. खोक्यातून आलेल्या डब्यांकडे बोट दाखवून भांडलो. नियम कोणी लिहिला ते विचारलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पुढच्या टेबलाकडे गेल्या. संघातले चौघे बाद झाले. ज्यांनी कुणाकडून काही लिहून घेतलं नव्हतं ते तिघेही.

घरी येताना, घर जवळ आल्यावर, नायगावच्या पुलावर बायकोने गाडीत तोंड उघडलं. "तुमाला तिथं आत जाला कोनी सांगितलेला? पोरीचा काम झालेला. झालेला ना?"

"तो सर खोटं बोलला ते चालतं तुला?"

"त्याचा मी काय करू? त्याची पोर नव्हती तिथं."

भाकऱ्यांचा डबा तसाच भरलेला तिच्या मांडीवर होता.

मला आजही वाटतं, चूक नियमाची होती आणि खोटारडेपणा सरांचा. सर अजून त्याच कॉलेजात आहेत. यंदाही त्यांचा संघ उतरला, आणि ऐकलं की या वेळी त्यांनी तयार खोकं मागवलं. मी लिहून घेतलं नसतं तर त्यांनी शेवटच्या क्षणी दुसऱ्याच कुणाचं नाव पाठवलं नसतं याची खात्री कोण देतो? हे सगळं मी मुलीला एकदा नव्हे, दहादा सांगितलं. ती ऐकून घेते. उत्तर देत नाही. गाळ्यावर ती त्यानंतर आली नाही. मला विचाराल तर माझी खरी तक्रार हीच आहे. आरडाओरडा केला असता तर मी तोडीस तोड बोललो असतो.

शेवटच्या वर्षाला असताना तिने अवकाश केंद्राकडे थेट अर्ज करायचं ठरवलं. मार्क थोडे वाढले होते, पुरेसे होते की नाही ते तिलाच माहीत. पालकाची सही लागत होती, ती तिने आईची घेतली. बायको मोठ्या, सुट्या अक्षरांत सही करते. कागद जेवणाच्या टेबलावर होता. मी उचलला. इंग्रजी मला ड्रॉइंगवरचं कळतं, बाकीचं सावकाश. एका चौकटीत प्रश्न होता. यापूर्वी कुठल्या स्पर्धेतून बाद झाला आहात का, झाला असाल तर कारण लिहा.

तिने लिहिलं होतं. मला वाचायला वेळ लागला. रिंग मी स्वतः बनवली होती. ती परीक्षकांसमोर पुन्हा बनवून दाखवण्याची संधी मला मिळाली होती. माझ्या वडिलांनी मध्ये पडून ती घालवली, कारण त्यांनी माझ्या नावाचा सौदा केला होता. मधला एक शब्द मला लागला नाही.

"बाय, हे काय लिहिलंय? वडिलांनीच्या पुढे?"

ती मोबाईलमधून वर न बघता म्हणाली, "नेहमीप्रमाणे."

"असं लिहून तुला कोण घेणार? 'तांत्रिक कारण' लिही. सगळे तसंच लिहितात."

"तांत्रिक कारण नव्हतं."

"सौदा तरी काढ."

"मग काय म्हणू त्याला?"

मी कागद परत वाचला, प्रत्येक ओळ वेगवेगळी धरून. कुठे खोटं सापडतं का बघत होतो, म्हणजे तिथून ओढता आलं असतं. सापडलं नाही.

"बरं," मी म्हणालो. "ते 'नेहमीप्रमाणे' तेवढं काढ. एकदाच झालं होतं ते."

आता तिने मोबाईल खाली ठेवला. माझ्याकडे बराच वेळ बघितलं, जसं आम्ही माल घ्यायच्या आधी बघतो तसं.

"काढते," ती म्हणाली. "पण मग बाकीचं सगळं तसंच राहील. पुन्हा त्यात हात घालायचा नाही."

"राहू दे," मी म्हणालो.

तिने पांढऱ्या शाईने तो शब्द पुसला, वाळेपर्यंत कागद तसाच धरून ठेवला आणि उठून आत गेली.